आधी कोंबड्या, मग दिवे

हमीदाआपा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्याच अंगणात उभी होते. चंद्रपूरच्या दवाखान्यातून तिचा मुलगा इरफान बोलत होता. "काकू, अम्मी गेली..." एवढंच म्हणाला. माझ्या हातात कनकीचं, म्हणजे तांदळाच्या चुरीचं ताट होतं. समोर खुराड्यात आपानं कोंडून ठेवलेल्या तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, फळीच्या फटीतून चोची काढून कलकलाट करत होत्या. मी फोन ठेवला, आधी त्यांना खायला घातलं आणि मग पायरीवर बसून रडले. हा क्रम कोणाला विचित्र वाटेल, तर वाटू दे. आपाला वाटला नसता.

त्याच दिवशी मय्यत चिमूरला, आमच्या गावी आणली. दफन करून माणसं परतली तेव्हा आमच्या गल्लीतले वासुदेवभाऊ आपाच्या अंगणात खुर्चीवर टेकले. वयानं मोठे, शब्दाला वजन असलेले गृहस्थ. हळहळले, डोळे पुसले, आणि मग म्हणाले, "बाई लाख मोलाची होती. पन त्या कोंबड्याईपायी गेली. पोराकडं जाऊन राह्यली असती तं वाचली असती. आता तरी गल्लीतलं हे खटलं बंद करा." आजूबाजूच्या चारदोघांनी माना डोलावल्या. मेलेल्या माणसाच्या अंगणात भांडू नये म्हणून मी गप्प बसले. पण तेव्हापासून आजपर्यंत हेच वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय, की आता लिहूनच टाकते. आपाचा आजार काळजाचा होता, कोंबड्यांचा नव्हता. डॉक्टरांनी तसं तिच्यादेखत सांगितलं होतं. ती पोराकडं गेली नाही, कारण तिला जायचं नव्हतं. तिचं घर इथं होतं, बांगड्यांचं दुकान इथं होतं, आणि कोणी 'ऊठ' म्हटलं म्हणून उठणाऱ्यांतली ती नव्हती.

तिच्या अंगणासमोरच माझं शिवणकामाचं मशीन. लग्न होऊन मी या गल्लीत आले तेव्हा नवऱ्यामागं एकटीनं दुकान चालवणारी ही बाई मला जरा फाटक्या तोंडाची वाटली होती. गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं, की बांगडी हातातून काढून घ्यायची आणि म्हणायची, "राहू दे, तुह्या हाताले शोभून नाई राह्यली." गिऱ्हाईक हमखास घेऊन जायचं. दिवस कलला की मात्र कोणी कितीही थोर गिऱ्हाईक येवो, दुकानाचं शटर खाली. "कोंबड्या आत घ्याच्या हायेत," एवढंच उत्तर.

आमची गल्ली गावाच्या टोकाची. घरांमागं धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि त्यांच्यापलीकडं जंगल. जवळपास प्रत्येक बाईकडं गावरान कोंबड्या असायच्या. कोणाला न विचारता खर्च करता येईल असं घरात आमच्या हाती होतं ते अंडी विकून आलेलंच. एका पावसाळ्यात बिबट्यानं वासुदेवभाऊंच्या ओसरीवरचा कुत्रा उचलला. भाऊंची नातवंडं त्याच ओसरीवर खेळायची, त्यांची भीती खोटी नव्हती. मारुतीच्या देवळासमोर गल्ली जमली आणि ठरायला आलं, की कोंबड्यांमुळंच जनावर येतं, सगळ्यांनी कोंबड्या काढून टाकाव्या. बायका मागं उभ्या होत्या. तेवढ्यात आपा पुढं झाली.

"भाऊ, बिबट येते ते शेवग्यावर झोपलेल्या कोंबडीसाठी," ती म्हणाली. "कोंबडी रातभर बंद खुराड्यात असन, तं ते इथी काऊन थांबन? उघड्यावरची झोप बंद करा. कोंबड्या काऊन बंद करता?"

"अन् कोंबडी आयकते का तुमचं?" भाऊंनी विचारलं.

"आयकते. दिवाळीपर्यंत टाइम द्या. दिवाळीले दिवे लागाच्या वक्ताले या गल्लीत एक बी कोंबडी बाहेर दिसली, तं माह्या सगळ्या मी सोता इकतो. मंग बाकीच्याईनं बी इकाव्या."

आमच्या कोंबड्या तिनं आम्हाला न विचारता पणाला लावल्या होत्या. मला तेव्हा तिचा राग आला होता आणि तो काही दिवस टिकला.

जुन्या कोंबड्यांचं एक वेळ ठीक असतं. खरी डोकेदुखी तलंगांची. पिल्लं डाल्याखाली आईच्या पंखात असतात तोवर प्रश्न नाही. आईनं चोच मारून दूर केलं, की त्यांना पंखांची मस्ती येते आणि सांज झाली की थेट झाड गाठतात. आपानं घरोघर फिरून आधी खुराडे पाहिले. आत बसायला आडवा बांबू नाही, तर कोंबडी झाडावर जाणार नाही तर काय करणार, असं म्हणून सगळ्यांकडून बांबू लावून घेतले. मग तलंगांना दिवसरात्र आतच कोंडायचं, सोबत एखादी पोक्त कोंबडी ठेवायची. दाणापाणी आतच. त्यांच्या डोक्यात घर पक्कं बसलं, की दिवस बुडायच्या थोडं आधी उपाशीपोटी बाहेर सोडायचं, आणि कनकी टाकायची ती खुराड्याच्या आतच. त्यातूनही एखादी झाडावर गेलीच तर अंधारायच्या आत तिला काढून आणायचं, आणि उद्या पुन्हा गेली तर पुन्हा आणायचं. शेजारच्या शांताबाईचा जीव मऊ. दिवसभर कोंडलेल्या बिचाऱ्या म्हणून ती त्यांना सोडल्या सोडल्या अंगणात ओंजळभर कनकी टाकायची. पोटं भरली की तिच्या तलंगा ढेकर दिल्यासारख्या माना हलवत शेवग्यावर जाऊन बसायच्या. आपानं तिला एक दिवस चांगलंच फैलावर घेतलं. "तू त्याईचे लाड करून राह्यली, अन् बिबट्याचं ताट वाढून राह्यली."

आणखी एक गोष्ट तिनं आम्हाला कटाक्षानं बंद करायला लावली. हाक मारणं. आम्ही सगळ्याच 'आ, आ' करून बोलवायचो. एकीनं हाक मारली की साऱ्या गल्लीच्या कोंबड्या तिच्या दारात, आणि मग कोणाची कोणाच्या खुराड्यात यावरून भांडणं. "हाकेवर आली तं ते तुही कोंबडी झाली," आपा म्हणायची, "तू मामाच्या गावाले गेली तं बसन झाडावर. तिले जागेची सवय लागू दे, मानसाची नाई." कोंबड्या आतबाहेर करायलाही ती रोज वेगवेगळ्या बाईला पाठवायची. तेव्हा मला हे खूळ वाटलं होतं...

दिवाळीचा दिवस उजाडला तोवर साऱ्या गल्लीच्या कोंबड्या सांजेला मुकाट आत जायला लागल्या होत्या. आम्ही निर्धास्त होतो. पण पोरांनी त्या वर्षी घराघरांवर लाल-निळ्या लायटिंगच्या माळा सोडल्या होत्या, आणि उत्साहाच्या भरात ऊन उतरायच्या आत त्या सुरूही केल्या. दिवस बुडाला तरी गल्ली लख्ख. कोंबड्यांना वाटलं, दिवस अजून आहे. त्या निवांत रांगोळ्यांमधून टिपत फिरत राहिल्या. वासुदेवभाऊ ओसरीवर बसून पाहत होते. आपा घरातून बाहेर आली, तिनं एकदा वर माळांकडं पाहिलं, गल्लीच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "लायटी बंद करा."

दिवाळीच्या सांजेला दिवे विझवा म्हणायचं, आणि तेही हमीदाआपानं म्हणायचं. मागून कोणीतरी म्हणालंच, "आपा, आज दिवाळी हाये."

"मले मालूम हाये. सकाळपासून तुमचाच चिवडा खाऊन राह्यलो. पन कोंबडीले दिवाळी नाई समजत, उजेड समजते. अंधार पडू द्या, त्या आत जाऊ द्या. मंग लावा ना, मी कुठी नाई म्हनतो?"

पहिली माळ विझली ती शांताबाईची. मग माझी, मग एकेक करत बाकीच्यांची. शेवटी भाऊंचं घर तेवढं लखलखत राहिलं. भाऊ जागचे हलले नाहीत. आतून त्यांच्या बायकोनं बटण बंद केलं. त्या अंधारात आम्ही दारादारांत उभ्या राहिलो आणि कोंबड्या कुरकुरत, एकमेकींना रेटत आपापल्या खुराड्यात शिरल्या. भाऊ टॉर्च घेऊन उठले. प्रत्येक शेवगा, प्रत्येक आंबा, प्रत्येक भिंत त्यांनी तपासली. मग आमच्याकडं न बघता म्हणाले, "लावा आता." त्या दिवसापासून आमच्या गल्लीत दिवाळीचे दिवे कोंबड्या आत गेल्यावरच लागतात. बाहेरचे लोक हसतात. आम्ही आनंदानं हसू देतो.

त्यानंतर बिबट्या आमच्या गल्लीत कधी आलाच नाही असं मी म्हणणार नाही. जंगल आहे, तो येणार. पण कोंबड्या काढा असं आपाच्या तोंडावर म्हणायची पुन्हा कोणाची छाती झाली नाही. ती गेल्यावर झाली, पहिल्याच दिवशी. याचाच मला संताप आहे.

आपाचा चाळिसावा दिवस झाल्यावर घराला कुलूप लावायला इरफान आला. तोवर मी तलंगा कोंडलेल्याच ठेवल्या होत्या, आपा असती तर इतके दिवस ठेवल्या नसत्या. पण त्यांना सोडायला माझंच मन धजत नव्हतं. "काकू, ह्या कोंबड्या तुम्ही तुमच्याकडं घेऊन जा," तो म्हणाला. मी म्हटलं, "कोंबड्या नेईन रे, त्यांचं घर कसं नेऊ? खुराडा हलला की त्या इथंच येऊन भिंतीवर बसतील. घराला कुलूप लाव, फाटकाला नको." त्यानं फाटकाचं कुलूप परत पिशवीत टाकलं.

त्याच सांजेला मी तलंगा पहिल्यांदा सोडल्या. वासुदेवभाऊ येऊन फाटकात उभे राहिले, हात मागं बांधून. उजेड कमी होत गेला. तलंगा पांगल्या, शेवग्याच्या बुंध्यापर्यंत गेल्या. हाक माझ्या अगदी गळ्यापर्यंत आली होती. मी ओठ दाबून धरले. मग एक वळली, तिच्यामागं दुसरी, आणि बघता बघता सगळ्या आत. एकीनंही मान वळवून आपाला शोधलं नाही. मला त्यांचा खरंच राग आला, एवढं केलं तिनं यांच्यासाठी... आणि तेव्हाच मला कळलं, की आपानं इतकी वर्षं घरोघर फिरून आम्हाला शिकवलं ते नेमकं हेच होतं. आपल्यावाचून अडू नये असं कोणी आयुष्यभर इतक्या चिकाटीनं घडवत बसतं का? आपा बसली. मी खुराड्याची कडी लावली. रोज कडी लावून झाली की आपा बांध्यांकडं, जंगलाकडं तोंड करायची आणि बिबट्याला दोन शब्द सुनावायची. मीही वळले आणि फाटकातल्या भाऊंनाही नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "आज काई नाई तुह्यासाठी. जाय वापस."