राजवाड्याबाहेरचे बूट

जर्मनीतल्या रेगेन्सबर्गच्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात पहिली कथा नेहमी माझी असायची. यंदा तिथे माझ्या मैत्रिणीची आली आणि माझी पाककृतींच्या अलीकडे ढकलली गेली. मैत्रीण सॉफ्टवेअरवाली, पुण्याची. रशियात तिने कधी पाऊल ठेवलेलं नाही. आणि कथा कसली, तर झारच्या काळातल्या सेंट पीटर्सबर्गमधल्या रक्तपिशाचाची! मी नाक मुरडलं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी गिळूनही टाकलं असतं. पण माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने अंकातलं बर्फातलं चित्र पाहिलं आणि वाचून दाखव म्हणून मागे लागली. हट्टही अर्थात जर्मनमध्ये. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्येच येतं. माझी कथा वाचायला घेतली की ती दुसऱ्या परिच्छेदाला पाणी प्यायला उठते, ती परत येत नाही. पिकतं तिथे विकत नाही, अशी मी मनाची समजूत घालत आले होते.

तर मी वाचू लागले. झारच्या दरबारातला एक सरदार रोज संध्याकाळी राजकन्येच्या दाराशी येऊन उभा राहतो. घरातलं कुणी "या, आत या" म्हटल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही. एकदा म्हटलं की संपलं. तो आत जातो, दाराबाहेर त्याचे बूट राहतात, आणि त्या बुटांवरचा बर्फ कधीच वितळत नाही.

इथे मी थांबले. मला चक्क आनंद झाला होता.

"झारच्या राजवाड्यात दाराबाहेर बूट कोण काढतं? तिथे लोक बूट घालून नाचायचे. मावशी कोथरूडच्या फ्लॅटमधून थेट राजवाड्यात शिरली आहे."

"आबर ममा," म्हणजे 'पण ममा', लेक म्हणाली आणि पुढचंही सगळं जर्मनमध्ये, की बूट बाहेर नसले तर तो आत आहे हे कळणार कसं?

पोरीचं बरोबर होतं. त्या बुटांपाशी माझ्याही अंगावर काटा आला होता आणि मला त्याचाच राग आला. ही चूक माझ्या हातून का झाली नाही, असं वाटत राहिलं. पुढे आठवडाभर मला तीच कथा रोज वाचावी लागली. आवाज माझा, पोरीला मराठी शिकवलं मी आणि ती ऐकणार मैत्रिणीला. आयत्या बिळावर नागोबा!

डिसेंबरात मैत्रीण चहाला आली. अभिनंदन तरी कर, असं नवऱ्याने दोनदा सुचवलं होतं, म्हणून मीच बोलावलं. पाहुणे आले की दारात जाऊन "या" म्हणावं, हे मी लेकीला लहानपणापासून शिकवलंय. ती "हालो" म्हणते आणि आपल्या खोलीत पळते.

त्या दिवशी बेल वाजली आणि ती माझ्या आधी दाराशी पोहोचली. मैत्रीण बाहेर बूट काढत होती. लेकीने बुटांकडे पाहिलं, बुटांवरच्या बर्फाकडे पाहिलं, ताठ उभी राहिली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "मावशी, या. आत या."

"अगंबाई, किती गोड बोलते गं!" मैत्रीण मला म्हणाली. "तुझी मेहनत आहे हं ही."

मी हसले. ते हसू कसं दिसलं असेल, देव जाणे.

दोघी सोफ्यावर बसल्या. लेक विचारत होती, "राजकन्येने त्याला का बोलावलं? तो परत जाणार नाही का?" मराठीत, एकामागून एक. मी दारातच उभी होते. बुटांवरचा बर्फ वितळून माझ्या पायपुसण्यावर पाणी साचत होतं. म्हणजे बाई जिवंत होती. तेवढाही आधार मला मिळाला नाही.

"ममा," लेकीने आतून हाक मारली, "टे, बिटे."

चहा माझ्याकडे मागायचा होता, म्हणून तो जर्मनमध्ये.