न चोळलेला पाय

लष्कर मोहल्ल्यात कुणी बाळंत झालं की पहिलं बोलावणं जाई ते गोदावरीबाईंना, भटजींची आठवण मागाहून. नवरा महाराजांच्या घोडदळात होता. तो ऐन उमेदीत गेला आणि बाईंनी तेलाची वाटी हाती घेतली ती कायमची. बाळबाळंतिणीला चोळून न्हाऊ घालण्यात त्यांचा हात धरणारी अख्ख्या म्हैसुरात दुसरी नाही, असं लोक म्हणत. लोक विसरलेच, तर त्या स्वतः म्हणत.

महायुद्ध सुरू व्हायच्या आदल्या वर्षी त्यांची सून इंदिरा बाळंत झाली. मुलगी झाली, गोरीपान. पण आठव्या दिवशी इंदिरेला हुडहुडी भरून ताप आला, आणि दहाव्या दिवशी डावा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत टम्म सुजला. पांढराफटक, तुकतुकीत.

"वात उतरलाय पायात. चोळून काढते की," गोदावरीबाई म्हणाल्या. एकदा हात लावलाही. इंदिरेनं किंचाळून घर डोक्यावर घेतलं, म्हणून तेवढ्यावर थांबल्या. दुसऱ्या सकाळी तेल कोमट करून पुन्हा बसल्या, तेवढ्यात मुलगा मालोजीराव डॉक्टर नरसिंहमूर्तींना घेऊन दारात हजर.

डॉक्टरांनी पाय पाहिला. मग वाटी पाहिली.

"अय्यो, बेडा अम्मा! नको, ती वाटी आधी बाजूला ठेवा."

"का म्हणून? वीस वर्षं हेच करतेय मी."

"बाळंतपणात विषार आत शिरलाय. शिरेत रक्ताची गुठळी झालीय आणि ती नासलीय. चोळलंत तर तिचा तुकडा सुटेल नि थेट छातीत जाईल. मग घटकाभराचाही अवकाश नाही."

"चोळता चोळताच जीव जातो?"

"चोळता चोळताच."

गोदावरीबाईंनी वाटी दूर सारली. डोळ्यांपुढे येलवाल गावची बाळंतीण, लक्ष्मीदेवी, आली. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. असाच पाय, असाच पांढरा. तिसऱ्या दिवशी चोळताना ती म्हणाली, "बाई, छातीत कसंसंच होतंय," आणि मान टाकली ती यांच्याच मांडीवर. दृष्ट लागली, असं सगळे म्हणाले. तिच्या आईनं, अंबूताईनं, तेराव्याला यांना नवं लुगडं दिलं होतं. 'शेवटपर्यंत माझ्या लेकीची सेवा केलीत,' म्हणाली होती. ते लुगडं पेटीत तसंच होतं.

इंदिरेचा पाय उशांवर उंच ठेवला. तो हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या. गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याचा शेक, पण वरच्या वर, दाब म्हणून द्यायचा नाही. कडू औषध, पातळ पेज आणि पडून राहणं. डॉक्टर रोज येत, हुं हुं करत, आणि निघताना बाईंच्या हातांकडे बघत. बाईंना त्याचा राग येई. पण हात खरोखरच शिवशिवत. ज्या हातांनी सगळं बरं करायचं, ते आता मांडीखाली दाबून बसायचं! पोर कण्हली की बाईंचा जीव तुटे, आणि त्या बाळाला उचलून घेत.

शेजारच्या शकुंतलाबाई एरंडेल घेऊन आल्या. "अहो, तुम्ही घरात असून पोरीचा पाय असाच? थोडं लावते मी."

"बोट जरी लावलंत ना, तर बघा!" गोदावरीबाई कडाडल्या. शकुंतलाबाई आल्या पावली परत गेल्या, आणि पुढे महिनाभर बोलल्या नाहीत. बाईंना कुठं फुरसत होती बोलायला!

तिसऱ्या आठवड्यात मांडीत गळू धरलं. डॉक्टरांनी ते चिरून वाटीभर पू काढला. त्या संध्याकाळी ताप पहिल्यांदा उतरला. सातव्या आठवड्यात इंदिरा भिंत धरून उभी राहिली, आणि गोदावरीबाई पदर तोंडाला लावून ढसाढसा रडल्या. सगळ्यांना वाटलं, आनंदानं. आनंद होताच, पण तेवढाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी पेटीतलं लुगडं काढून त्या बैलगाडीनं येलवालला गेल्या. अंबूताई दारात तांदूळ निवडत होती. बाईंनी लुगडं तिच्यापुढे ठेवलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पाय, गुठळी, डॉक्टर, काही राखलं नाही. "तुझी लेक माझ्या हातानं गेली गं अंबूताई. मला कळलं नव्हतं. आता कळलं."

अंबूताईचे हात सुपात थांबले. मग तिनं लुगडं उचललं आणि घेऊन आत गेली. गोदावरीबाईंना वाटलं, संपलं, आता निघावं. पण पाय उचलेना.

अंबूताई बाहेर आली ती धाकट्या लेकीला धरून. लेकीच्या कुशीत तान्हं बाळ होतं.

"बाळंत होऊन हिला आज नववा दिवस," अंबूताई म्हणाली. "न्हाऊ घालायला कुणाला बोलावलं नाही अजून. भीती वाटते मला. आधी हिचे पाय बघा."

गोदावरीबाई जमिनीवर बसल्या. दोन्ही पाय उजेडाकडे घेऊन नीट पाहिले, ताप आहे का विचारलं, थंडी वाजली का विचारलं. आणि मगच म्हणाल्या, "तेल तापव."