पोटाशी धरलेलं

त्या वर्षी शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये आमच्या गल्लीत दोन माणसं रिटायर झाली. मी पासष्टाव्या वर्षी आणि शेजारचा एकतिसाव्या. मी भूल देणारी डॉक्टर. जन्मभर लोकांना झोपवलं आणि वेळेवर उठवलं. हा काय करायचा ते मला ठाऊक नव्हतं. मार्चमध्ये तो बायको आणि तान्ही मुलगी घेऊन शेजारी राहायला आला. बायको रोज सकाळी गाडी काढून कामावर जायची आणि हा धिप्पाड गडी दिवसभर घरी.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याचा पोर्च दिसतो. सकाळी कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला ठेवायला तो बाहेर यायचा आणि पोर्चच्या चार पायऱ्या उलटा उतरायचा. पाठ रस्त्याकडे, दोन्ही हात कठड्यावर, खालची पायरी पायानं चाचपत. मी नवऱ्याला हाक मारली. म्हटलं, "अहो, बघा तरी. हा सकाळी सकाळीच पिऊन असतो वाटतं."

नवरा चहाचा कप घेऊन खिडकीशी आला आणि तिथेच खिळला. "अगं बाई, तुला माहितीये का कोण आहे तो?"

आमचा हा माणूस इंजिनिअर, पण रविवारी टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल सुरू झाला की त्याला घर दिसत नाही, बायको दिसत नाही. मी त्या वेळात इस्त्री करते. त्यामुळे इतकी वर्षं इथे राहून मला एवढंच माहीत की बॉल लांबट असतो आणि माणसं एकमेकांच्या अंगावर पडतात. त्या दुपारी नवऱ्यानं मला हाताला धरून सोफ्यावर बसवलं आणि फोनवर शेजाऱ्याचे जुने व्हिडिओ लावले.

मी तोंडात बोट घातलं. खरंच सांगते, दुसरं काही सुचलंच नाही. हा होता रनिंग बॅक, म्हणजे बॉल पोटाशी घेऊन गर्दीत शिरणारा माणूस. समोर फ्रीजएवढाली माणसं उभी, आणि याला आडवा करणं हाच त्यांचा धंदा. जिथे मारामारी चाललीय तिथून लांब राहावं, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. हा नेमका तिथेच धावत जायचा. फट दिसायचीसुद्धा नाही मला, आणि हा पलीकडून बाहेर! एका व्हिडिओत चौघं त्याला लोंबकळत होते, एक पायाला, एक मानेला, आणि तरी याचे पाय चालूच. आडवा पडला, ढिगाखाली गेला, आणि उठून बॉल पंचाच्या हातात असा दिला की दुकानात सुट्टे देतोय.

"पुन्हा लावा," मी म्हटलं. नवऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच आत्ता गोल केलाय. (या फुटबॉलमध्ये गोल नसतो म्हणे. असू दे.)

मग मे महिन्यात माझा गुडघा बदलला. फिजिओथेरपीची बाई आठवड्यातून एकदा येऊन जायची, पण मला खरं छळलं ते शेजाऱ्यानं. त्याच्या गुडघ्यांची इतकी ऑपरेशनं झाली होती की त्या बाबतीत तो मला शिकाऊ डॉक्टर समजायचा. "रडा डॉक, पण वाकवा," असं म्हणत समोर बसायचा. मुलगी मांडीवर असायची. आमच्याकडे येताना तो नेहमी गॅरेजमधून यायचा, कारण तिथे पायरी नाही. मुलगी हातात असताना तो पायरीच्या वाटेलाच जायचा नाही, हे माझ्या हळूहळू लक्षात आलं. तिचा पाळणासुद्धा त्यानं खालीच, दिवाणखान्यात मांडला होता. वरच्या मजल्यावर तिला न्यायचं ते बायको घरी आल्यावर, बायकोनंच.

एकदा मी सोलकढीसाठी नारळ काढून ओट्यावर ठेवला होता. मी सहज विचारलं, "पळायला कुणी शिकवलं रे तुला?"

"पळणं हे काम नव्हतंच," तो म्हणाला. "सगळ्यांना तसं वाटतं. काम एकच, बॉल सोडायचा नाही." त्यानं मुलीला माझ्याकडे दिलं आणि नारळ उचलला. शेंडीकडच्या टोकावर बोटं पसरली, तळवा खाली, मनगटापासून कोपरापर्यंत हात नारळावर, वर दंड, मागे बरगडी. "ओढा," तो नवऱ्याला म्हणाला.

नवरा ओढायला लागला. आधी एका हातानं, मग दोन्ही, मग टेबलाला पाय लावून. अहो, सत्तरीचा माणूस नारळाला लोंबकळतोय आणि समोरचा निवांत माझ्याशी बोलतोय! हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कॉलेजात म्हणे तो बॉल घेऊनच वर्गात जायचा, बॉल घेऊनच जेवायचा. वाटेत दिसेल त्यानं हिसकावून बघायचा. आठ वर्षं त्याच्या हातून कुणाला बॉल सोडवता आला नव्हता. तेव्हापासून घरात शिरला की तो विचारायचा, "नारळ?" त्याला येत असलेला तेवढाच मराठी शब्द.

"मग खेळणं का सोडलंस?" त्याच दिवशी नवऱ्यानं दमून विचारलं, आणि मी डोळे वटारले, पण उशीर झाला होता.

शेजाऱ्यानं नारळ ओट्यावर ठेवला. शेवटच्या सीझनला मोठी मॅच होती, ओलांडली की जिंकलो अशी रेष चार पावलांवर आली होती. त्याला कुणी हातही लावला नाही. डावा गुडघा आपला आपणच गेला, तो पडला, आणि बॉल हातातून निसटला. मॅच गेली. टीमनं पुढल्या वसंतात त्याला काढून टाकलं. अजून दुकानात कुणीतरी ओळखतं आणि बॉल सुटल्यासारखा हात झटकून दाखवतं.

"कुणी ओढलं तर मी सोडणार नाही, डॉक," तो म्हणाला. "पण गुडघा सांगून जात नाही." आणि मुलीकडे बघून म्हणाला, "हिला घेऊन मी जिना उतरत नाही. कधीच उतरणार नाही."

एवढा पहाडासारखा माणूस आणि चार पायऱ्यांना घाबरतो, याचं हसू यायला हवं होतं. मला तर त्याच्यापुढे मान खाली घालावीशी वाटली. ज्या अंगानं त्याला सगळं मिळवून दिलं, त्यावरचाच त्याचा विश्वास उडाला होता.

जुलैत एका गुरुवारी दुपारी तो मुलीला घेऊन आमच्याकडे आला होता. नवरा दाताच्या डॉक्टरकडे गेला होता. आकाश पिवळट हिरवं झालं आणि गावातला वादळाचा सायरन वाजायला लागला. तो दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी तपासतात, त्या सवयीनं आम्ही क्षणभर बसूनच राहिलो. मग दोघांचेही फोन एकदम किंचाळले. टॉर्नेडो, भोवऱ्यासारखं वादळ येतंय, ताबडतोब बेसमेंटमध्ये जा.

बेसमेंटचा जिना उभा, लाकडी, आणि खाली सिमेंटची जमीन. तो दारात आला आणि थांबला. मुलगी छातीशी होती. "डॉक, तुम्ही घ्या तिला."

"अरे, मी काठीवर आहे!"

"मग आपण बाथरूममध्ये बसू."

आमच्या बाथरूमला ही एवढी खिडकी. मीच हौसेनं करून घेतलेली. तेवढ्यात मागच्या अंगणात झाडाची फांदी काडकन मोडून डेकवर आली आणि काचा फुटल्याचा आवाज झाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. खाली बघतोय, मुलीकडे बघतोय, पाय काही उचलेना. माझा पाराच चढला. भीती वाटली की मी मराठीत ओरडते. "अरे ठोंब्या, नारळ सोडला नाहीस, पोटची पोर सोडशील होय रे? उतर! नारळ! उतर आधी!"

त्यातला 'नारळ' तेवढा त्याला कळला असेल. त्यानं मुलीला वळवून घेतलं. बोटं डोक्यावर पसरली, हात पाठीवर, दंड, बरगडी, आणि वरून दुसरा हात. एकही हात मोकळा नव्हता, त्यामुळे कठडा नाही, उलटं उतरणं नाही. तो सरळ उतरू लागला, तोंड समोर करून. मी त्याच्यामागे बसत बसत, पोरासारखी एकेक पायरी घसरत होते.

खालून तिसऱ्या पायरीवर गुडघा गेला.

पाय मुडपलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. पण त्यानं तोल सावरायला हात उघडला नाही. कुठलाही माणूस उघडेल, आपण पडताना आपोआप उघडतो. हा पडता पडताच वळला, पाठ खाली केली, मुलगी वर. खांदा वॉशिंग मशीनवर आदळला, मग पाठ सिमेंटवर. एवढा मोठा आवाज झाला आणि मग नुसता सायरन.

"रड गं बाई," मी पुटपुटले. "रड."

आणि ती रडली. खणखणीत, घसा ताणून, आम्हा दोघांवर रागावून. जन्मभर मी टेबलाशी उभी राहून माणसांच्या पहिल्या कण्हण्याची वाट बघितलीय, पण इतका गोड आवाज मी ऐकला नव्हता. माझा जीव भांड्यात पडला. मी उरलेल्या पायऱ्या घसरत खाली आले आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. त्याच्या कोपरातून रक्त येत होतं. डोळ्यांतून पाणी कानात जात होतं.

"सुटली नाही," तो म्हणाला.

"नाही रे राजा, सुटली नाही. दे इकडे, मला तपासू दे तिला."

मी तिच्या काखेत हात घातले. ती जागची हलेना. "सोड आता," मी म्हटलं. त्यानं हो म्हटलं, पण हात उघडेना. वर वारा पडला, सायरनही थांबला. मग मीच ओढायचं सोडलं आणि तिला त्याच्या हातातच तपासलं.