न उष्टावलेला गडवा

"मॅडम, शोभाबाईले आजच घरी पाठवा," हॉस्टेलचे मालक रमेशभाऊ फोनवर म्हणाले. "तिच्या हातचं खाऊनच पोरी आजारी पडून राहिल्या."

अकोल्यात कोचिंग क्लाससाठी येणाऱ्या मुलींच्या हॉस्टेलची मी व्यवस्थापक आहे. चाळीस मुली, दोन मजले, एक मेस. अकरा मुलींना उलट्या-जुलाब सुरू झाले होते. मेस सांभाळणाऱ्या शोभाकाकूंचं घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालतं. त्यांना काढलं की विषय मिटला, असं रमेशभाऊंना वाटत होतं. पण आकडे जुळत नव्हते. अकरापैकी तिघींचा डबा बाहेरून येई. मेसचा घासही त्यांच्या पोटात गेला नव्हता.

"अन् मी बी तेच जेवली नं," काकू म्हणाल्या. "मले काहून नाई काई झालं?"

मी रमेशभाऊंना फोन लावला. रविवारपर्यंत मुदत मागितली.

डॉक्टर म्हणाले, पोटाचा व्हायरस दिसतो. आजारी माणसाच्या हातावरून तो नळाला, कडीला, स्विचला लागतो आणि तिथून दुसऱ्याच्या हातावाटे तोंडात जातो. "फिनाईलचा नुसता वास येतो. सॅनिटायझरलाही हा फारशी दाद देत नाही. ब्लीच वापरा."

पद्धत अशी. आधी साबणपाण्याने घाण काढायची. मग नऊ भाग पाण्यात एक भाग लिक्विड ब्लीच घालून ती जागा दहा मिनिटं ओली ठेवायची. याला कॉन्टॅक्ट टाइम म्हणतात. लगेच पुसून काढलं तर व्हायरस तसाच राहतो. हातात मोजे, खिडक्या उघड्या आणि ब्लीचमध्ये दुसरं काहीही मिसळायचं नाही.

सफाईच्या लताताईंना ती दहा मिनिटं सोसवेनात.

"इतकं ओलं ठेवता मॅडम, लादीवर वांगे लावाचे हायत का?"

मी घड्याळ बघत उभी राहिले. कड्या, नळ, स्विच, जिन्याचा कठडा, सगळं झालं. टाकीच्या पाण्याचा रिपोर्टही चांगला आला. दोन दिवसांनी आणखी चौघी आजारी पडल्या.

आता माझं डोकंच चालेना. अन्न नाही, पाणी नाही, कड्या-नळही नाहीत. मग काय?

शनिवारी दुपारी पॅसेजमध्ये खुर्ची टाकून मी नुसती बघत बसले. नुकतीच बरी झालेली हिवरखेडची एक मुलगी बाथरूममधून आली. तिने तिथल्या पिण्याच्या पाण्याच्या माठावरचा तांब्याचा गडवा उचलला, माठात बुडवला, मान वर करून वरूनच पाणी प्यायली आणि गडवा जागेवर ठेवला. लगेच दुसरीने तोच उचलला.

"लताताई, हा गडवा ब्लीचने पुसला होता?"

"तांब्याचा हाय तो, काळा पडीन नं! अन् तो कुठं उष्टा हाय? साऱ्याजणी वरूनच पेतात."

खरंच होतं. ओठ कोणाचेच लागत नव्हते. हात मात्र सगळ्यांचे लागत होते, आणि तोच गडवा माठात बुडत होता. आम्ही तपासलं होतं ते टाकीचं पाणी, माठातलं नव्हे. डबेवाल्या तिघीही याच माठावर यायच्या. काकूंचा माठ स्वयंपाकघरात वेगळा होता.

माठ रिकामा करून बाजूला ठेवला. गडवा उकळत्या पाण्यात घातला. तिथे तोटीचं स्टीलचं पिंप आणलं आणि ती तोटीही ब्लीचने पुसायच्या जागांत धरली.

रविवारी सकाळी पुन्हा दोघी आजारी!

"आता बोला," रमेशभाऊ म्हणाले.

"भाऊ, लागण झाल्यावर त्रास सुरू व्हायला एक-दोन दिवस जातात. या दोघी माठ काढायच्या आधीच्या. बुधवारपर्यंत थांबा."

"अन् बुधवारी आणखी निंगाल्या तं?"

"तर काकूंबरोबर मलाही काढा."

बुधवारपर्यंत एकही नवी मुलगी आजारी पडली नाही.

त्या दिवशी रमेशभाऊ आले. मेसमध्ये जेवायला बसले आणि तिसरी भाकर मागून घेतली. काकूंनी वाढली.

सफाई ठरवताना मी आता एवढंच विचारते, याला किती हात लागतात? तोंड लागतं का, ते नंतर.