करवतीला कान लावणारे सुतारबाबा

ठाण्यापासून खडवलीपर्यंतच्या कोणत्याही कचेरीत ज्यांच्याइतका निःपक्षपाती न्यायाधीश बसलेला नाही, त्या आमच्या कल्याणच्या सुतारबाबांवर गेल्या गणेशजयंतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भर बाजारात अन्याय झाला. करणारा मी. हे आधीच सांगून टाकतो, कारण दुसऱ्याचे अपराध ठळक अक्षरांत छापायचे आणि आपले शुद्धिपत्रात दडवायचे, ही आम्हा पत्रकवाल्यांची खोड आहे.

बाबा न्याय करीत तो करवतींचा. सुतार नवी करवत घेण्याआधी आणि जुनी टाकण्याआधी ती त्यांच्या ओटीवर आणीत. बाबा पात्यावरचा शिक्का ओल्या मातीने लिंपायला लावीत, मग डोळे मिटून ती हातात घेत. देशी की विलायती, हे कोणी आगाऊपणे सांगितलेच तर त्याला ओटीवरून खाली उतरवीत. डोळे लाच खातात, असे त्यांचे ठाम मत. पाते धनुष्यासारखे वाकवून सोडायचे. सरळ झाले तर पुढची परीक्षा, बाक राहिला तर घरी परत. मग नखाने टिचकी मारून कान लावायचा. शेवटी एका दातावर कानस फिरवायची: घसरली तर पोलाद ठिसूळ, लोण्यात शिरावी तशी रुतली तर मऊ. डोंबिवलीचा एक सुतार आजोबांची गंजकी करवत धोतरात गुंडाळून, डोळ्यांत पाणी आणून घेऊन आला. बाबांनी ती वाजवली आणि म्हणाले, "आजोबा चांगले असतील रे. ही नव्हे." आपल्या बापाची करवतही त्यांनी नापास केली होती. ती खुंटीवर असे; दसऱ्याला तिला झेंडूची माळ मिळे, लाकूड मात्र कधी मिळाले नाही.

ही टिचकी पुढे हाताला इतकी जडली की पंगतीत वाढणारा येईपर्यंत ते ताटवाट्या वाजवून मोकळे होत. भाचीसाठी स्थळ पाहायला गेले, तर पाणी दिलेला तांब्या वाजवून असे तोंड केले की ते लग्न जमता जमता राहिले. आगगाडीत ते पाऊल ठेवीत नसत. पण स्टेशनावर हातोडीने चाके वाजवीत फिरणारा माणूस दिसला, तेव्हा त्याला बोलावून आपली तपकीर दिली आणि सरकारात एक तरी शहाणा आहे म्हणून समाधानाने घरी आले.

अशा माणसाला मी गणेशजयंतीला भरलेल्या आमच्या स्वदेशी मालाच्या सभेत बोलावले. खडवलीच्या लोहाराकडून आम्ही मुद्दाम एक करवत करवून घेतली होती. शेजारी कोरी विलायती ठेवली. आपलाच माणूस, निकाल आपलाच, अशी माझी खात्री. बाबांनी डोळे मिटले. विलायती वाकली, सरळ झाली, छान वाजली. आमची वाकली ती वाकडीच राहिली. सभा हसली. त्या तिरीमिरीत मी पत्रक लिहिले आणि तिसऱ्या पानाच्या शेवटी छापले, की बाबांनी विलायती मालाच्या दलालाची लाच खाल्ली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात पत्रक वाटले आणि बाबांची ओटी ओस पडली. शिक्के लिंपायची माती भांड्यात वाळून तडकली. छापलेले खोटे कसे असेल, असे लोकांना वाटते. ह्याच विश्वासावर आमचे दुकान चालते.

होळीच्या आधी एका दुपारी बाबा माझ्या दारात उभे. पायांवर धूळ, काखेत फडक्यात गुंडाळलेली खडवलीचीच करवत. ते खडवलीपर्यंत चालत गेले होते आणि दहा दिवस लोहाराकडे राहिले होते. तापवून पाण्यात विझवले की पाते तडकते, म्हणून लोहाराने आमची करवत मऊच सोडली होती. बाबांनी त्याला पाते तेलात विझवायला आणि मंद आचेवर पुन्हा शेकायला शिकवले. तीन पाती वाया गेली, चौथे जमले; तीच ही करवत.

"छापीलराव, वाजवून बघ."

मी टिचकी मारली. नाद बराच वेळ घरात फिरत राहिला. मला मान वर करवेना. पत्रक तुमच्या कानावर आले का, असे कसेबसे विचारले.

"आलं की. मला कुठं वाचता येतं? पोरांनी वाचून दाखवलं. मी एवढंच विचारलं, हे वाजवून छापलंय का?" मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझा पाळणा मी केला, त्याची फळीसुद्धा वाजवून घेतलेली. देशी माल चांगला हवा ना, मग चांगला कर. माझ्या तोंडून खोटं कशाला वदवतोस?"

आज खडवलीच्या करवती ठाण्यापर्यंत जातात. माझ्या चाळीस पत्रकांनी जे झाले नाही, ते त्या म्हाताऱ्याने दहा दिवसांत केले, आणि ज्याने त्यांची अब्रू घेतली त्याच्याच हाती आणून दिले. हे उपकार फेडायला माझ्याकडे शाईखेरीज काही नाही. बाबांना हल्ली टिचकी नीट ऐकू येत नाही. ते करवतीची मूठ कपाळाला टेकवतात आणि तिचा नाद हाडांतून ऐकतात. नवख्याला वाटते, म्हातारा नमस्कार करतो आहे. ओटीवर अजून पूर्वीसारखी गर्दी नसते.

म्हणून वाचकहो, ते पत्रक तुमच्या घरी असेल तर आत्ता काढा. तिसऱ्या पानावरची शेवटची ओळ काळ्या शाईने खोडा. आणि उद्या सकाळी आपली करवत घेऊन बाबांच्या ओटीवर जा. जाताना माती ओली करून न्या.