सगळी वळणं डावीकडची

अंपायरकाकांच्या घरी गेलं की ते ‘या, बसा’ कधी म्हणायचे नाहीत. दार उघडून उंबऱ्यात किंचित वाकायचे, दोन्ही हात छातीपासून आडवे पसरायचे आणि गंभीर चेहऱ्यानं जाहीर करायचे, “सेफ.” पहिल्यांदा मला वाटलं, म्हातारा दार अडवतोय. मी पिशव्या घेऊन पावसात तशीच उभी राहिले. मग आतून काकू म्हणाल्या, “अगं, ये तू आत. तो बेसबॉल आहे त्यांचा. धावणारा सुखरूप पोचला की अंपायर असे हात पसरतो.”

इंग्लंडात, साउथहॅम्प्टनमध्ये आमच्यापासून दोन घरं सोडून ते राहायचे. भूल देणारे डॉक्टर म्हणून निवृत्त झालेले. तरुणपणी एक वर्ष अमेरिकेत शिकायला होते, तिथून येताना हा खेळ सोबत घेऊन आले. या देशात तो कोणाला नको होता. “आमच्या शाळेत मुली राउंडर्स खेळायच्या, तेच ना?” असं कोणी शेजारी बोलला की काकांची अख्खी दुपार खराब व्हायची. आम्हा मराठी मंडळींना तर हा माणूस क्रिकेटशी गद्दारी केल्यासारखाच वाटायचा. “क्रिकेटमध्ये माणूस मर मर धावतो आणि समोरच्या टोकाला जाऊन उभा राहतो,” ते मला समजावायचे. “इथे माणूस घरून निघतो, डावीकडे वळत तीन बेस गाठतो आणि घरी येतो. शेवटच्या जागेचं नावच होम. आपल्यासारख्यांना दुसरा कुठला खेळ आवडणार, सांग.”

बातम्या ते बघत नसत, बातम्यांशी भांडत. “बेसबॉलमध्ये बेस चोरता येतो. पण सगळ्यांसमोर चोरावा लागतो, आणि सापडलास तर मुकाट्यानं बाहेर. दोन्ही देशांतल्या पुढाऱ्यांना एवढा एकच नियम लावा.” मग ‘बाहेरचे नकोत’ म्हणणाऱ्यांनी आमच्या रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांवर इंग्लंडचे झेंडे लावले. एका सकाळी काका दूध घेऊन येत होते, तेव्हा जाणाऱ्या व्हॅनमधून कोणीतरी ओरडलं, “गो होम.” काका म्हणाले, “नेक्स्ट लेफ्ट, थँक यू.” हे मला सांगताना ते खूप हसले. मग चहा उगाच ढवळत बसले. “त्याच्या आजीला मी झोपवलं असेल गं,” म्हणाले, “आणि परत उठवलंही असेल.” तो चहा त्यांनी प्यायला नाही.

काका बौद्ध. देव मानायचे नाहीत, पण देऊळ, चर्च, गुरुद्वारा यांतलं काही सोडायचेही नाहीत. “मी गिऱ्हाईक नाही, पण दुकान बघायला काय जातंय?” आमच्या कोपऱ्यावरच्या जुन्या चर्चच्या भिंतीत एक तिरकं भोक आहे. महारोग्यांनी बाहेर उभं राहून त्यातून आतली प्रार्थना बघायची, असं लोक सांगतात. काकांनी एकदा मला मुद्दाम तिथे नेलं, स्वतः डोळा लावून पाहिलं आणि म्हणाले, “माझ्या आज्यानंही गावचं देऊळ बाहेरूनच बघितलं. फक्त त्याच्यासाठी कोणी भोक पाडलं नव्हतं.” एवढं बोलून मला कॉफी प्यायला घेऊन गेले. चिडायचे ते एकाच शब्दावर. कोणी ‘देवाघरी गेले’ म्हटलं की काका लगेच विचारायचे, “पोस्टकोड काय?”

मग काकूंना विसर पडायला लागला. आधी इंग्रजी गेलं, मग मधली वर्षं गेली, मग घर. संध्याकाळ झाली की त्या पर्स घेऊन आपल्याच हॉलमध्ये उभ्या राहायच्या. “अहो, उशीर झाला. मला घरी सोडता का?” काकांनी फोटो दाखवले, समजावलं, एकदा आवाजही चढवला. त्या रडायच्या आणि पर्स सोडायच्या नाहीत.

एके दिवशी काका नुसतं “चल” म्हणाले आणि त्यांना गाडीत बसवलं. चर्चपाशी डावीकडे. जुन्या थिएटरात आता आफ्रिकन मंडळींची प्रार्थना चालते, तिथे डावीकडे. गुरुद्वाऱ्यापाशी डावीकडे, आणि शेवटचं डावं वळण आमच्या रस्त्याचं. काकूंच्या माहेरी सोवळंओवळं फार. स्वयंपाकघरात चहाच्या डब्यामागे त्यांचा एवढासा गणपती होता, तो काकांना ‘माहीत नव्हता’. त्या दिवशी सगळं विसरलेल्या काकू म्हणाल्या, “अहो, ही उलटी प्रदक्षिणा झाली.”

“बेसबॉलमध्ये अशीच घालतात,” काका म्हणाले. मग आधी स्वतः उतरले, दारात जाऊन हात पसरले. “सेफ.”

“आलो बाई एकदाचे,” म्हणत काकू उतरल्या.

पुढे रोज हेच. मी भांडी घासताना खिडकीतून बघायचे आणि मला रडू यायचं. शेवटी एकदा विचारलं, “काका, तुम्हाला थापा चालत नाहीत. मग हे सोंग कशाला?”

“सोंग कसलं?” ते म्हणाले. “घरून निघतो, घरी येतो. नियमाप्रमाणेच आहे सगळं.”

या जानेवारीत त्यांना न्यूमोनिया झाला आणि ते परत आले नाहीत. भन्तेजींनी त्रिशरण म्हटलं. मिलिंद, त्यांचा मुलगा, इथेच जन्मलेला, ब्रॅकनेलला नोकरी करणारा. आईच्या खुर्चीपुढे गुडघ्यावर बसला आणि कुठूनतरी ऐकलेलं मराठी जुळवत म्हणाला, “आई, डॅड देवाघरी गेली.” व्याकरण चुकलं होतं आणि धर्मही. पोस्टकोड विचारायला कोणी नव्हतं. तेव्हा मला कळलं की काका खरंच गेले.

काकू पर्स घेऊन उठल्या. “घरी गेले? मग आपण इथे काय करतोय? चल.”

पुढच्या आठवड्यात मिलिंद त्यांना त्याच्या जवळच्या केअर होममध्ये नेणार आहे. बिचाऱ्याचा इलाज नाही. पण त्या नावातला ‘होम’ काकांनी खपवून घेतला नसता. तोवर संध्याकाळी मी त्यांना गाडीतून तोच फेरा मारून आणते.

काल चर्च झालं, थिएटर झालं, गुरुद्वारा झाला. गाडी दारासमोर थांबवली. काकू उतरेनात. मी उंबऱ्यात जाऊन वाकले, हात पसरले आणि “सेफ” म्हटलं.

काकूंनी काच खाली केली. “बाई, तुम्ही रस्ता चुकलात,” त्या मला समजुतीनं म्हणाल्या. “हे आमचं घर नाही. आमचे हे दारात उभे असतात.”

मी परत गाडीत बसले, आणि चर्चपाशी पुन्हा डावीकडे वळले.