बिराचं तोडलेलं पाणी

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलं नाही. तिच्या शेवटच्या दुखण्यात उशाशी बसून सगळ्या जन्माच्या गोष्टी काढल्या, नको नको त्या कबूल केल्या — ही तेवढी राहिली. राहिली कसली, मी ठेवली. आणि तुम्हाला सांगतोय, ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा परवा जे झालं, त्यानं माझं डोकं फिरलंय म्हणून असेल.

आमच्या कोरेगावात कुणाला वजन उतरवायचं असलं की लोक माझ्याकडं येतात. जुना पैलवान ना मी. कुणाचं लग्न तोंडावर आलेलं असतं, कुणाला डॉक्टरनं दम दिलेला असतो, आणि हातात कसल्यातरी जाहिरातीचा कागद — पंधरा दिवसांत पोट सपाट. तो कागद बघितला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मी तो फाडतो. मग सांगतो, बाई गं, वर्षानुवर्षं चढवलेलं पंधरा दिवसांत उतरत नसतं. महिन्याला दोन किलो गेलं तरी भरून पावलीस म्हण. भाकरी थोडी कमी कर, चाल, वेळेवर झोप. काट्यावर रोज चढू नकोस. आणि पाणी — पाणी कधी तोडायचं नाही. लोक म्हणतात, बापू किती समजुतीनं सांगतात.

समजुतीनं! ही समजूत मी कुठून आणली, कुणाच्या जिवावर आणली, हे एकानं तरी विचारावं की नाही?

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी कोरेगाव सोडून विट्याच्या तालमीत राहायला गेलो होतो, कारण तिथल्या वस्तादांचं नाव होतं. बिरा माझ्या आधी वर्षभर आलेला. जतकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. घरी अर्धी कानडी, अर्धी मराठी. आम्ही एका चुलीवर जेवायचो, एका सतरंजीवर झोपायचो. थंडीत त्याचं घोंगडं दोघांवर असायचं. त्याच्या बापानं स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीचं विणून दिलेलं, काळं, जड, पाऊससुद्धा आत न शिरणारं घोंगडं. ते लक्षात ठेवा.

आणखी एक लक्षात ठेवा. बिरा मला पाडायचा. रोज पाडायचा. ढाक मारायचा तो — कंबरेवर घेऊन असा फिरवायचा की माती लागल्यावरच कळायचं. आणि चारचौघांत कुस्ती असली की मुद्दाम बरोबरीत सोडवायचा. मला खाली बघायला लागू नये म्हणून! त्याचा हा चांगुलपणाच मला सहन व्हायचा नाही. आज लिहितानाही होत नाही.

त्या वर्षी सांगलीला जिल्ह्याची निवड होती. मातीतली नव्हे, गादीवरची, वजनी गटांची. तोवर आमच्याकडं वजन म्हणजे पैलवानाची इज्जत. दूध, तूप, बदाम खाऊन ते वाढवायचं. उतरवायचं कुणाला माहीत होतं? वस्तादांना माहीत होतं. आदल्या साली त्यांनी एका पोराला खालच्या गटात नेलं होतं. पण कसं? अडीच-तीन महिने घेऊन. थंडाई बंद केली, तूप निम्म्यावर आणलं, पळणं वाढवलं. आम्हा सगळ्यांना समोर बसवून सांगितलं होतं की मांस उतरवायचं असतं, पाणी नव्हे. पाण्याचा उतार खोटा. तो पोरगा हसतखेळत खालच्या गटात गेला, जिंकलाही. मी हे डोळ्यांनी बघितलेलं होतं. मला माहीत नव्हतं असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?

बिरा आणि मी एकाच गटात येत होतो, चौऱ्याहत्तर किलोच्या. गटातून एकच निवडणार. आणि निवडलेल्या पैलवानाला एका साखर कारखान्यात नोकरी मिळणार, असा निरोप वस्तादांकडं आला होता. म्हणजे ती नोकरी माझी नव्हती. बिरा समोर असेपर्यंत नव्हती.

निवडीला आठवडा उरला तेव्हा वस्ताद डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मिरजेला गेले. मागं तालमीत आम्हीच.

मी त्याला, तू खालच्या गटात जा, असं म्हणालो नाही. त्याला म्हणायला लावलं. भाकरी थापता थापता सुस्कारे टाकले. एकाच तालमीचे दोघं एकमेकांशी लढणार, वस्तादांना किती वाईट वाटेल, एकाची नोकरी जाणार — असं बोलत राहिलो. मग जरा थांबून, अडुसष्टच्या गटात यंदा कोण फारसं नाही म्हणतात, एवढंच. बिरा भोळा. तोच म्हणाला, मग मी उतरतो की खाली, दोघंबी लागू नोकरीला. पाच-सहा किलो. आठवड्यात. आणि मीच का उतरत नाही, हे त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. वजन दोघांचं सारखंच होतं.

मग मी त्याचा गुरू झालो. भर दुपारी त्याला ते घोंगडं पांघरायला लावून मायणीच्या रस्त्यानं पळवायचो. बापानं थंडीसाठी विणलेलं घोंगडं, चैताच्या उन्हात! रात्री एरंडेल. जेवण नावाला. आणि शेवटचे तीन दिवस पाणी बंद; फक्त लिंबाची फोड चोखायची. गुळाच्या अडतीवर काटा होता, तिथं संध्याकाळी वजन करायचो. हमाल हसायचे, म्हणायचे, पैलवान ढेपेतनं गूळ कमी करायला लागलाय. वजन उतरत होतं ना! काटा खाली येताना बघून बिरा पोरासारखा खूश व्हायचा, आणि मी त्याची पाठ थोपटायचो.

आता जे सांगायचं ते इथं आहे. पाणी तोडायच्या पहिल्या दिवशी तो कचरला. म्हणाला, पाण्याबिगर कसं व्हायचं? तेव्हा मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो,

"मीबी तोडतो पाणी, तुझ्यासंगं. एकट्याला न्हाई तहानेला ठेवायचा."

त्याचे डोळे भरून आले. तेव्हा अंगात पाणी होतं, म्हणून भरून तरी आले.

तालमीच्या मागं रांजण होता. तो घोंगडं पांघरून उन्हात बसलेला असायचा, मला म्हणायचा जरा सावलीत जा, तुला तर उतरवायचं न्हाई. मी मागं जायचो. पोटभर पाणी प्यायचो. ओठ पुसायचो, कोरडे दिसावेत म्हणून त्यांना माती लावायचो. हो, माती. आणि पुढं येऊन त्याच्या शेजारी धापा टाकत बसायचो. असला नाटकीपणा मला कुणी शिकवला होता? घरात तर कुणी असलं नव्हतं.

निवडीच्या आदल्या दिवशी तो रस्त्यात बसला. अंग तापलं होतं, घाम यायचा बंद झाला होता. एवढ्यावर तरी माणसानं थांबावं. तो म्हणाला,

"गड्या, ऱ्हाऊ दे. मी आपल्याच गटात खेळतो, तुझ्याशी. तू पाड मला. मी पडतो."

ऐकलंत? मी पडतो म्हणाला. मला हवं होतं ते सगळं त्यानं तिथं रस्त्यावर, फुकट देऊ केलं. त्याला पाणी पाजायचं आणि तालमीत न्यायचं, एवढंच काम होतं. आणि मला राग आला. भीक घातल्यासारखा राग. तू पडशील म्हणजे? मी काय तुझ्या मेहेरबानीवर जिंकू? मी त्याला नाही नाही ते बोललो. धनगराची जात माघारी फिरणारी, असंसुद्धा बोललो. आणि हे सगळं मी पाण्यानं भरलेल्या पोटानं बोललो. तो उठला. पळाला. शेवटी शेवटी तो कानडीत काहीतरी पुटपुटत होता — नीरू, नीरू. नीरू म्हणजे पाणी, एवढी कानडी मला वर्षभरात आली होती.

सकाळी सांगलीत काट्यावर तो बरोबर बसला. अडुसष्ट. पंचांनी शाबासकी दिली. त्या पंचांचाही मला आज संताप येतो. डोळे खोल गेलेला, ओठ फुटलेला माणूस समोर उभा, आणि यांचं लक्ष काट्यावर! पहिल्याच कुस्तीत बिराच्या पायात गोळे आले. तो गादीवर आडवा झाला तो उठलाच नाही. सरकारी दवाखान्यात नेलं. मी नेलं नाही. माझ्या गटाची कुस्ती लागली होती. मी खेळलो. समोर तासगावकडचा एक पोरगा होता, मी त्याला पाडलं, माझ्या गळ्यात हार पडला, आणि हार काढून मग मी दवाखान्यात गेलो.

बिरा तापात होता. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडाला मार बसलाय, वाचला तर नशीब. संध्याकाळी वस्ताद मिरजेहून आले, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. खाटेपाशी उभे राहिले आणि मला म्हणाले,

"ह्येला कुणी सांगितलं रं ह्ये?"

"मी नको म्हणत हुतो, वस्ताद," मी म्हणालो. "ह्यो ऐकला न्हाई."

बिराचे डोळे मिटलेले होते. त्याला ऐकू गेलं का? अनेक वर्षं मला तेवढीच धास्ती होती. त्याची नव्हे, त्याला ऐकू गेलं असेल याची.

तो वाचला. कुस्ती मात्र डॉक्टरांनी कायमची बंद केली. जतला परत गेला, बापाची मेंढरं घेतली. पाय सुजायचे त्याचे, अजून सुजतात. मला कारखान्यात नोकरी लागली. राज्याच्या निवडीत मी पहिल्याच कुस्तीत चितपट झालो, ते विचारायला कोण येतंय? आणि वस्ताद — ते जिवंत असेपर्यंत प्रत्येक नव्या पोराला सांगत राहिले, बिरासारखी घाई करू नका. तालमीत तो शब्दच पडला होता, बिराची घाई. मी समोर बसून ऐकायचो. तालमीतला सगळ्यांत सरळ माणूस, त्याचं नाव मूर्खपणाला दिलं गेलं आणि मी मान हलवत होतो. कसले वस्ताद तुम्ही! एकदा तरी माझ्याकडं नीट बघायचं होतं. एक डोळा झाकलेला होता, दुसरा तर उघडा होता ना?

आणि बिरा? त्याला त्या आठवड्यातलं फारसं आठवतच नाही; खाली उतरतो असं आपणच म्हणालो आणि मी त्याच्यासंगं पाणी तोडलं, एवढंच. बाकीचं तापानं पुसून गेलं. जे लोकांनी सांगितलं, तेच त्यानं खरं धरलं. तो स्वतःच सगळ्यांना सांगतो, मी घाई केली. बायकोला सांगितलं, पोराला सांगितलं. भेटला की मला सांगतो. मी त्याची समजूत घालतो — हो, मी त्याची — म्हणतो, जाऊ दे रं, वय हुतं तसलं.

परवा तो आला होता. जतहून एसटीनं, सुजल्या पायांनी, नातीला घेऊन. नात कुस्ती खेळते. धिप्पाड, डोळ्याला डोळा भिडवून बोलणारी पोरगी. निवड दहा दिवसांवर आलीय आणि तिला खालच्या गटात जायचंय, कारण वरच्या गटात तिची मैत्रीण आहे. तिनं कुठंतरी वाचलंय, पाणी तोडलं की झटक्यात उतरतं. बिराचं ती ऐकेना, म्हणून त्यानं तिला माझ्याकडं आणलं.

मी तिला सगळं नीट सांगितलं. या खेपेला आहे त्या गटात खेळ. हरलीस तर हरलीस. पुढच्या सालासाठी आत्तापासून महिन्याला दोन किलो, पोटभर पाणी, पुरती झोप. ती ऐकत होती. मग म्हणाली,

"आवं, पण आमच्या आजोबांना तवा कुणी सांगितलं हुतं असं उतरवायला?"

खोलीत आम्ही तिघंच. बिरा हसला. त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि नातीला म्हणाला,

"कुणी न्हाई गं. माझीच घाई. ह्यो नको नको म्हणत हुता. वर माझ्यासंगं ह्यानंबी पाणी तोडलं हुतं, उतरवायचं नसताना. असला मैतर मिळायचा न्हाई."

पोरगी माझ्याकडं बघत राहिली. तिला माझ्या तोंडून ऐकायचं होतं. खरं सांगायला एक श्वास पुरला असता, आणि ते सांगितलं असतं तरी तिनं पाणी तोडलं नसतं. उलट जास्त घाबरून तोडलं नसतं. म्हणजे तिच्या भल्यासाठी गप्प बसलो, हेही मला म्हणता येत नाही.

"व्हय," मी म्हणालो. "मी नको म्हणत हुतो."

मग तिला तहान लागली असेल म्हणून मी आत गेलो आणि दोन तांबे भरून आणले, एक तिला, एक बिराला. बिरानं आधी माझ्यापुढं धरला. म्हणाला, तू पी आधी. मी प्यालो.